श्रद्धेचे धाडस : पंडिता रमाबाई आणि शहाण्णव सालचा दुष्काळ

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत नाट्यप्रयोगांचा आढावा, गणेशोत्सवाच्या आठवणी आणि दिवंगत सभासदांना श्रद्धांजली यांबरोबर एक तरी लेख इतिहासावर असावा, असे संपादक समितीच्या बैठकीत ठरले आणि ते काम आमच्याकडे आले. आम्ही पंडिता रमाबाईंचे नाव सुचविताच एक ज्येष्ठ सभासद शांतपणे म्हणाले, “बाई मोठ्या खऱ्या. पण त्यांनी आपला धर्म सोडला. मग आपल्या स्मरणिकेत त्यांच्यावर लेख कशासाठी?” प्रश्नात द्वेष नव्हता, संकोच होता. हा संकोच मराठी समाजात शंभर वर्षांहून अधिक काळ वस्ती करून आहे. आम्ही स्वतः ख्रिस्ती नाही, आणि धर्मांतराच्या वादात न्यायनिवाडा करण्याचा आमचा अधिकारही नाही. परंतु एका स्त्रीने आपल्या श्रद्धेच्या बळावर इ. स. १८९६ च्या अखेरीस जे एक पाऊल उचलले, त्याची हकिकत मराठी माणसाने मराठीत वाचलेली असावी, एवढे मात्र आम्हांस ठामपणे वाटते.

दिल्लीकर मराठी माणसाला झेलम एक्सप्रेसची ओळख करून देण्याचे कारण नाही. सुट्टीत घरी जाताना आपल्यापैकी कित्येकांनी त्या गाडीत पोळीभाजीचे डबे सोडले आहेत. दिल्ली सोडल्यावर दोनएक तासांत मथुरा येते. पुढे झाशी, भोपाळ, इटारसी, भुसावळ, मनमाड, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) अशी मजल करीत गाडी दौंड ओलांडते, आणि पुणे आता आलेच म्हणून लोक वळकट्या बांधू लागतात. त्या गडबडीत केडगाव नावाचे एक लहानसे स्थानक मागे पडते. नगरजवळ याच नावाचे दुसरे गाव आहे. ते हे नव्हे. हे केडगाव पुणे जिल्ह्यातील, दौंड तालुक्यातील. गंमत अशी की मथुरा-वृंदावन, मध्यप्रांत आणि केडगाव ही रमाबाईंच्या कार्यातील तिन्ही ठिकाणे याच वाटेवर किंवा तिच्या आसपास आहेत. आमच्या वसाहतीला द्वारका हे नाव ज्यांनी दिले त्यांच्या मनात कृष्णाची नगरी होती. आणि कृष्णाच्याच दुसऱ्या नगरीत, आपल्यापासून काही तासांच्या अंतरावर, रमाबाईंनी विधवांचे जे हाल पाहिले, त्यांचाही या कथेशी संबंध आहे.

परंतु आरंभ त्याहून मागे करावा लागतो. रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या दक्षिण भागात, गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, संस्कृताचे गाढे पंडित आणि निष्ठावंत वैष्णव. बायकोला संस्कृत शिकविण्याचा ‘अपराध’ त्यांनी केला होता आणि त्याबद्दल उडुपीच्या धर्मसभेपुढे त्यांना आपली बाजू मांडावी लागली होती. आई लक्ष्मीबाईंनी रमेला पहाटेच्या अंधारात मांडीवर घेऊन संस्कृत शिकविले. अरण्यातले घर मोडल्यावर हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले ते कायमचेच. देवळात किंवा नदीच्या घाटावर पुराण सांगावे, लोक देतील त्यावर निर्वाह करावा, उरेल ते दानधर्मात घालावे, असा क्रम वर्षानुवर्षे चालला.

मग दक्षिणेत दुष्काळ पडला. पुराण ऐकण्यास कोणी येईना. भांडी गेली, दागिने गेले, वस्त्रे गेली. मजुरी करावी तर ती येत नाही, भीक मागावी तर कुलाभिमान आड येतो. अकरा दिवस या कुटुंबाने जंगलात पाणी, झाडाची पाने आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. अनंतशास्त्री त्या वेळी वृद्ध आणि दृष्टिहीन झाले होते. पवित्र तळ्यात देह ठेवावा असा त्यांनी निश्चय केला. तेव्हा मुलगा श्रीनिवास म्हणाला की जातीचा अभिमान बाजूस ठेवून आपण मिळेल ते काम करू. जलसमाधी टळली, पण १८७४ साली शास्त्रीबुवा गेले आणि पाठोपाठ लक्ष्मीबाई गेल्या. आईच्या तिरडीला खांदा देण्यास चौघे मिळाले नाहीत. दोन ब्राह्मण आले, तिसरा मुलगा, चौथी रमा. तिची उंची कमी पडत होती म्हणून तिने तिरडीचे टोक डोक्यावर घेतले आणि ती दूरच्या स्मशानापर्यंत चालत गेली. पुढे थोरली बहीणही गेली. उरलेली दोघे भावंडे पायी हिंदुस्थान फिरत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोचली.

पुढील प्रसिद्ध भाग आम्ही थोडक्यात सांगतो, कारण तो शालेय पुस्तकांतूनही येतो. कलकत्त्याच्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. भाऊ १८८० मध्ये वारला. त्याच वर्षी तिने बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. मनोरमा ही मुलगी झाली. आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने पतीचेही निधन झाले. त्या वर्षी रमाबाई पुण्यास आल्या, त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रियांना वैद्यकीचे शिक्षण मिळावे अशी मागणी केली. पुण्याच्या सुधारकांना या विदुषीचा अभिमान वाटत होता. १८८३ मध्ये त्या विलायतेस गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वॉंटेज येथे मुलीसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ही बातमी येताच तो अभिमान ओसरला.

येथे एक गोष्ट वाचकांच्या नजरेस आणावीशी वाटते. धर्म बदलला म्हणजे बाई पाद्र्यांच्या हातातील बाहुली झाली, असा समज त्या काळी पसरला आणि तो अजून पुरता गेलेला नाही. त्यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. तो वाचला म्हणजे निराळेच चित्र दिसते. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असे मत हिंदुस्थानातील बिशपांनी दिले, तेव्हा बाई उसळल्या. आपल्या सदसद्विवेकावर कोणाही धर्माधिकाऱ्याची सत्ता चालणार नाही असे त्यांनी आपल्या गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डिन यांना स्पष्ट लिहिले. त्रैक्याच्या सिद्धान्तावरही त्या वाद घालीत होत्या. मूळ धर्मातील शास्त्रीमंडळींपुढे न वाकलेली मान नव्या धर्मातील बिशपांपुढेही वाकली नाही. अनंतशास्त्र्यांची मुलगी ती.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियास गेल्या आणि अडीच वर्षे अमेरिकाभर फिरल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत लिहिलेले पुस्तक १८८७ मध्ये निघाले. त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टन येथे ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन होऊन दहा वर्षे आर्थिक साहाय्याचे अभिवचन मिळाले. त्या पैशांतून ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत, गिरगाव चौपाटीजवळ ‘शारदा सदन’ उघडले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नातू ही बालविधवा होती. तीच पुढे महर्षी कर्व्यांची पत्नी झाली. पुढच्या वर्षी सदन पुण्यास आले. मुलींनी आपापल्या जातीचे आचार पाळावेत, सोवळ्याने स्वयंपाक करावा, संस्थेत कोणत्याही धर्माचे शिक्षण द्यावयाचे नाही, अशी व्यवस्था ठरली होती. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांसारखी मंडळी सल्लागार होती.

मग १८९३ मध्ये ठिणगी पडली. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करीत. दार उघडे असे. काही मुली येऊन बसत. दार लावून घ्या, असा सल्ला मिळाला. बाईंनी तो मानला नाही. ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली, सल्लागार मंडळाने राजीनामे दिले आणि वीस-पंचवीस मुलींना पालकांनी काढून नेले. आमचे मत विचाराल तर त्या पालकांची भीती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. १८९५ मध्ये सदनातील काही मुलींनी खरोखरच बाप्तिस्मा घेतला, आणि ज्यांनी वचनावर विसंबून मुली धाडल्या त्यांना फसल्यासारखे वाटले असल्यास नवल नाही. वचनाला जागणे आणि मनाला जागणे यांत बाईंची ओढाताण झाली आणि त्यांनी मनाची बाजू घेतली. पण एवढे सांगितल्यावर दुसरेही सांगितले पाहिजे. मुलींना घरी नेणाऱ्यांपैकी किती जणांनी त्यांच्या हातात पुन्हा पाटी दिली? विधवांसाठी धर्मसंमत अशी पर्यायी शाळा उभी करणारे धोंडो केशव कर्वे निघाले ते १८९६ मध्ये, आणि त्यांच्या घरात गोदूबाई होत्याच.

याच सुमारास रमाबाई उत्तर हिंदुस्थानात आल्या होत्या. वृंदावनातील विधवांची खरी स्थिती पाहावयाची म्हणून त्या गरीब यात्रेकरणीच्या वेषात तेथे राहिल्या. पंड्यांच्या दलालांनी दूरदूरच्या गावांतून पुण्याच्या आशेने आणलेल्या तरुण विधवा, पैसे संपताच रस्त्यावर आलेल्या, मूठभर धान्यासाठी देवळात तासन् तास भजन म्हणणाऱ्या, आणि त्याहून वाईट वाटेला लागलेल्या, असे सारे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. बरोबर नेता आल्या त्या अगदी थोड्या. ज्या तीर्थांच्या पायी आपले आईबाप झिजले, तेथला हा प्रकार पाहून त्यांना काय वाटले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

आता शहाण्णव सालाकडे येऊ. त्या वर्षी पावसाने दगा दिला आणि मध्यप्रांत, बुंदेलखंड व आसपासच्या मुलुखात भयंकर दुष्काळ पडला. जबलपूरकडील जिल्ह्यांतून माणसे खडी फोडण्याच्या कामांवर आणि सरकारी अनाथगृहांकडे लोंढ्यांनी जाऊ लागली. वर्षाखेरीस या बातम्या पुण्यास पोचल्या तेव्हा रमाबाई अडतीस वर्षांच्या होत्या. त्यांची परिस्थिती कशी होती ते ध्यानी घेतले पाहिजे. शारदा सदनात पन्नास-साठ मुली. अमेरिकेतून येणारे पैसे मोजके, आणि तेही उच्चवर्णीय बालविधवांच्या शिक्षणासाठीच खर्च करण्याचे बंधन. त्या साहाय्याची दहा वर्षांची मुदत १८९८ मध्ये संपणार. पुण्यातील प्रतिष्ठित समाजाने पाठ फिरविलेली. आणि पुण्यावर गाठीच्या तापाची, म्हणजे प्लेगची छाया पडू लागलेली. अशा वेळी कोणत्याही सुज्ञ विश्वस्ताने ‘आहे ते सांभाळा’ असाच सल्ला दिला असता.

रमाबाईंनीही आरंभी स्वतःला हेच सांगितले. ही टाळाटाळ त्यांनी आपल्या दुष्काळाच्या आठवणींत प्रांजळपणे नोंदविली आहे. ती वाचून आम्हांस त्यांच्याविषयी अधिक आदर वाटला. वीस-बावीस वर्षांपूर्वीची ती उपासमार, ते जंगल, ते तळे पुन्हा डोळ्यांपुढे उभे करावे याची त्यांना भीती वाटत होती. परंतु त्या वयातील आपल्यासारखी मुलगी आज नर्मदेकाठी एकटी पडली असेल तर तिचे काय होत असेल, हे जाणणारी पुण्यात त्यांच्याइतकी दुसरी व्यक्ती नव्हती. हा विचार त्यांना स्वस्थ बसू देईना. हातात पुरेसा पैसा नसताना, कोणाचेही आश्वासन नसताना, त्या निघाल्या.

तेथे त्यांनी जे पाहिले त्याचे वर्णन करताना त्यांची लेखणी कोठेही अलंकारिक होत नाही. पहिले अनाथगृह म्हणजे घरच नव्हते; गावाबाहेरची एक आमराईसारखी झाडी होती आणि तिच्याखाली माणसे राखेत आणि धुळीत पडलेली होती. हाडांचे सापळे झालेली मुले, अंगावर चिंधी नाही, व्रणांनी भरलेली शरीरे. उपासमारीइतकीच त्यांना दुसरी एक गोष्ट भयानक वाटली. तरुण मुलींवर देखरेख ठेवणारे पहारेकरी आणि मुकादमच त्यांना नासवीत होते, आणि कुंटणखान्यांचे हस्तक छावण्यांभोवती घिरट्या घालीत होते. धान्य वाटणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या तक्त्यात या धोक्याला रकानाच नव्हता. म्हणून बाईंनी ठरविले की मुली आणि तरुण बायका येथून हलविल्याच पाहिजेत. प्रथम साठ जणींना नेण्याची हिंमत त्यांना झाली. मग आकडा तीनशेपर्यंत गेला. त्यांच्या प्रयत्नाने वाचलेल्यांची संख्या याहून बरीच मोठी होती. तीनशेच्या आसपास मुली त्यांनी स्वतःजवळ ठेवल्या आणि बाकीच्या इतर संस्थांकडे सोपविल्या.

या तीनशेंत सर्व जातींच्या मुली होत्या. शारदा सदन हे सोवळे पाळण्याची मुभा असलेले, वरच्या जातींचे घर होते. रमाबाईंचे नाव जगभर झाले तेही ‘उच्चवर्णीय हिंदू स्त्री’च्या कैवारी म्हणून. भुकेने ती चौकट एका हिवाळ्यात मोडून टाकली. धर्मांतराने त्यांची जात कागदावर गेली होती. ती खरोखर गेली ती मध्यप्रांताच्या त्या झाडीखाली, असे आम्हांस वाटते. इतिहासकारांनी या बदलाकडे हवे तितके लक्ष दिलेले नाही.

मुली पुण्यास आल्या आणि नवीनच संकट उभे राहिले. प्लेगमुळे शहरात नव्या माणसांची भर घालण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. तीनशे अशक्त, आजारी, अर्धवट रानटी झालेल्या मुली घेऊन जावयाचे कोठे? तेव्हा केडगावची जमीन कामास आली. शारदा सदनाला पुढे स्वतःचे उत्पन्न असावे म्हणून अमेरिकन मित्रांच्या देणगीतून रमाबाईंनी तेथे सुमारे शंभर एकर जमीन आधीच घेऊन ठेवली होती आणि संत्री, लिंबे, आंबे अशी फळझाडे लावण्यास आरंभ केला होता. बाग फळण्याआधीच तेथे माणसांची वस्ती झाली. प्रथम तंबू, मग तात्पुरती छपरे. भोवती पर्जन्यछायेतील उजाड माळ. सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात दौंडच्या त्या माळावर तंबूत दिवस काढणे म्हणजे काय, हे त्या भागातून आलेल्या आमच्या सभासदांना सांगावयास नको. या वस्तीचे नाव ‘मुक्ति’ पडले. ख्रिस्ती बाईने आपल्या संस्थेसाठी निवडलेला हा शब्द तिच्या वडिलांच्या पोथीतला आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

अनेक मुली वाचल्या नाहीत. ज्या वाचल्या त्या सुरुवातीला एकमेकींचे अन्न हिसकावीत, भाकरी अंथरुणात लपवून ठेवीत. भुकेची ही सवय जाण्यास पोट भरल्यानंतरही पुष्कळ दिवस लागतात, आणि हे ठाऊक असलेली बाईच तेथे मुख्य होती. शारदा सदनात शिकलेल्या थोरल्या मुली आता शिक्षिका झाल्या. प्रत्येकीकडे काही मुली सोपवून घरासारखे गट केले. ज्यांना बापाने किंवा सासऱ्याने ‘पांढऱ्या पायाची’ म्हटले होते त्या बालविधवा परजातीच्या मुलींची डोकी विंचरू लागल्या, त्यांचे व्रण धुऊ लागल्या. आमच्या दृष्टीने या सबंध कथेतील सर्वांत विलक्षण घटना हीच.

त्याच वर्षी पुण्यात प्लेग निवारणाच्या नावाखाली जो जुलूम चालला होता त्याविषयीही रमाबाई गप्प राहिल्या नाहीत. इस्पितळात आणि विलगीकरणाच्या छावणीत स्त्रियांची व्यवस्था कशी आहे, आपल्या संस्थेतील एका मुलीचे तेथे काय झाले, याबद्दल त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्रात जाहीर पत्र लिहिले. ते प्रकरण विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेले आणि गव्हर्नर लॉर्ड सॅंडहर्स्ट यांच्या सरकारने त्यांचे म्हणणे फेटाळून लावले. ज्या सरकारच्या धर्माच्या म्हणून लोक त्यांना नावे ठेवीत होते, त्या सरकारला जाहीरपणे जाब विचारण्याचे धैर्य पुण्यातील फार थोड्या सुशिक्षितांना त्या दिवसांत झाले. चार वर्षांपूर्वी एकमेकांविरुद्ध उभे ठाकलेले ‘केसरी’कार आणि रमाबाई प्लेगच्या बंदोबस्ताच्या प्रश्नावर एकाच बाजूस आले होते, दोघांपैकी कोणी ते बोलून दाखविल्याचे आमच्या वाचनात नाही.

या साऱ्याला पैसा कोठून आला, हा व्यवहारी प्रश्न वाचकांच्या मनात आलाच असेल. मंडळाची वर्गणी गोळा करताना ज्यांच्या चपला झिजल्या आहेत त्यांना तो आधी सुचणार. जॉर्ज म्यूलर आणि हडसन टेलर यांची चरित्रे रमाबाईंनी वाचली होती. अनाथाश्रम किंवा धर्मकार्य चालविताना माणसांपुढे हात न पसरता परमेश्वराजवळ मागावे, अशी त्या मंडळींची रीत होती. रमाबाईंनी ती स्वीकारली. पण म्हणून त्यांनी हिशेब सोडला असे नाही. विहिरी खणल्या, शेत नांगरले, दुभती जनावरे ठेवली, माग बसविले, तेलाचा घाणा चालविला, छापखाना उभारला. आणि ही सर्व कामे मुलींच्या हाती दिली. दूरदेशीचे लोक देणग्या पाठवीत राहिले हे खरेच, पण पाठविलेला डॉलर केडगावच्या विहिरीत पाणी होऊन दिसत असे म्हणूनही ते पाठवीत असावेत. १८९८ मध्ये बाई पुन्हा अमेरिकेस जाऊन आल्या. जुने असोसिएशन विसर्जित होऊन नव्या नावाने नवे उभे राहिले. उद्याचे काय याची चिंता देवावर सोपवावयाची आणि आजची विहीर मात्र स्वतः उभे राहून खणून घ्यावयाची, असा त्यांच्या श्रद्धेचा स्वभाव होता.

धाडसाने उभी केलेली संस्था पुढच्या धाडसाला तयार आहे की नाही याची कसोटी लवकरच लागली. संवत् १९५६ म्हणजे इ. स. १८९९-१९०० मध्ये गुजरात-काठेवाडात, जेथे मूळ द्वारका आहे त्या मुलुखात, कुप्रसिद्ध ‘छप्पनिया’ दुष्काळ पडला. या वेळी रमाबाईंना एकट्याने जावे लागले नाही. त्यांनी आपल्या शिकविलेल्या कार्यकर्त्या गुजरातेत धाडल्या आणि त्यांनी शेकड्यांनी मुली व बायका केडगावला आणल्या. मुक्तीतील संख्या दोन हजारांच्या जवळपास गेली. केडगावलाही त्या वर्षी पाणीटंचाई होतीच. पुढे तेथे फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन झाले, अंध मुलींना ब्रेल लिपी शिकविण्याची सोय झाली, वृद्धांसाठी घर झाले.

असे धाडस करणाऱ्या मराठी ख्रिस्ती व्यक्ती त्या काळात एकट्या रमाबाईच होत्या असे नाही. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी त्यापूर्वीच जालन्याजवळ बेथेल ही वसाहत वसविली होती, आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई टिळक यांचे नगरकडील कार्य ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यास माहीत आहेच. परंतु टिळक पतिपत्नींना मराठी साहित्याने आपले म्हणून जवळ घेतले. रमाबाईंच्या वाट्याला ते सुख फारसे आले नाही. याचे एक कारण त्यांचा स्वभाव. त्यांच्यापाशी लक्ष्मीबाईंचा विनोद नव्हता. समोरच्याचे मन राखण्यासाठी दोन शब्द मऊ करणे त्यांना जमत नसे. मुक्तीतील शिस्त कडक होती, आणि हिंदू धर्मावरील त्यांची उत्तरकालीन टीका वाचताना आम्हांसही ठिकठिकाणी ठेच लागली. मोठी माणसे सर्वांगांनी आवडावीत असा नियम नाही.

अखेरच्या काळातील त्यांचे काम पाहून मात्र आम्ही थक्क झालो. मराठीत बायबलाचे भाषांतर होते. पण ते संस्कृतप्रचुर असल्याने मुक्तीतील साध्यासुध्या, उशिरा अक्षरओळख झालेल्या बायकांना समजत नसे. म्हणून रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक या भाषा शिकून मूळावरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत उतरविण्याचे काम हाती घेतले आणि अनेक वर्षे ते एकटीने चालविले. लहानपणी हजारो श्लोक मुखोद्गत असलेली, कलकत्त्याच्या विद्वत्सभेत ‘सरस्वती’ ठरलेली ही पंडिता, शेतात राबणाऱ्या बाईला कळावे म्हणून संस्कृत शब्द एकेक करून वगळीत बसली होती. खिळे जुळविणे, मुद्रिते काढणे, छापणे, बांधणी, सर्व काम मुक्तीच्या छापखान्यात बायकाच करीत.

१९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले. जिच्यावर पुढची सर्व भिस्त होती ती मनोरमा २४ जुलै १९२१ रोजी गेली. लेकीच्या मृत्यूनंतर बाई साडेआठ महिने जगल्या आणि बायबलाचे काम हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावातच त्यांनी देह ठेवला. ग्रंथ छापून पूर्ण झाला तो १९२४ मध्ये. त्यांच्या स्मरणार्थ भारत सरकारने १९८९ मध्ये टपाल तिकीट काढले. त्याला शारदा सदनाच्या शताब्दीचे वर्ष साधले होते. मुक्ति मिशन आजही केडगावात चालू आहे.

हा लेख लिहून झाल्यावर आम्ही तो आरंभी उल्लेखिलेल्या ज्येष्ठ सभासदांना वाचावयास दिला. चार दिवसांनी त्यांनी तो परत केला. बाप्तिस्म्याच्या परिच्छेदापुढे त्यांनी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केलेले होते आणि ते त्यांनी खोडले नव्हते. तिरडीच्या वाक्याखाली मात्र एक बारीक रेघ होती. त्याविषयी ते काही बोलले नाहीत. एवढेच विचारले, की पुण्यास पोचल्यावर केडगावला जावयाचे तर गाडी कोणती? पुण्याहून दौंडकडे जाणारी लोकल धरावी, असे आम्ही त्यांना सांगितले.